शंकेचेही इमान असते

एप्रिल २०२० च्या पहिल्या आठवड्यात मुंबईत मालाडच्या मालवणी भागात राहणारे, पासष्टीच्या घरातले एक मुस्लिम गृहस्थ कोरोनाने वारले. जोगेश्वरीच्या इस्पितळातून पहाटे त्यांची मय्यत मालवणीच्या कब्रस्तानात आणली गेली. कब्रस्तानच्या विश्वस्तांनी दफनाला नकार दिला. कुटुंबाने विनवण्या केल्या, मध्यस्थी झाली, पण फाटक उघडले नाही. अखेर जवळच्या हिंदू स्मशानभूमीत त्या मय्यतीचे दहन झाले. तेथील लोकांनी जागा दिली म्हणून निदान ती विटंबना टळली. ही बातमी तेव्हा वर्तमानपत्रांत आली आणि इतर बातम्यांच्या गर्दीत विरूनही गेली.

आम्हाला मात्र ती विसरता येत नाही, आणि त्याचे कारण तिच्या आदल्या दोन-तीन दिवसांत आहे. ३० मार्च रोजी मुंबई महानगरपालिकेने एक परिपत्रक काढले होते. कोरोनाने मेलेली व्यक्ती कोणत्याही धर्माची असो, तिचे दहनच करावे, असा त्याचा आशय होता. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १५ मार्चला मृतदेहांच्या विल्हेवाटीविषयी ज्या सूचना दिल्या होत्या त्यांत दफनाला मनाई नव्हती. मग हा हुकूम कोणत्या शास्त्राच्या आधारे निघाला, असा प्रश्न आम्ही विचारला. मोहल्ल्यामोहल्ल्यातून फोन गेले, मंत्र्यांपर्यंत गाऱ्हाणे पोहोचले आणि त्याच दिवशी काही तासांत परिपत्रक बदलले. पुरेशी मोठी जागा असेल तेथे दफनाची मुभा मिळाली. आपली शंका बरोबर ठरली याचे समाधान आम्हाला वाटले. आणि लगेच त्याच आठवड्यात आमच्याच लोकांनी, आमच्याच कब्रस्तानाच्या फाटकावर उभे राहून, आमच्याच एका माणसाला परत पाठवले. परिपत्रक मागे घेतले गेले होते, पण त्यातली भीती मागे घेतली गेली नव्हती. ती आमच्या उंबऱ्याच्या आत येऊन बसली होती.

तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून आहे. साथीच्या काळात सरकारचा हुकूम आणि वर्तमानपत्राची बातमी यांच्यावर शंका घेण्याचा अधिकार आम्हाला आहे, हे आम्ही मानतो. पण शंका घेणाऱ्यावर काही जबाबदारी असते की नाही? सरकारकडे पुरावा मागणाऱ्याने स्वतःच्या भीतीकडे पुरावा मागू नये काय? प्रामाणिक शंका कोणती आणि बेइमान शंका कोणती, हे कसे ओळखावे? साथ गेली, मुखपट्ट्या गेल्या, त्या दिवसांबद्दल आता कोणी बोलतही नाही. म्हणूनच हा प्रश्न आता शांतपणे विचारायला हवा. पुढची साथ आल्यावर विचार करायला कोणालाच सवड मिळणार नाही.

*

साथ आणि शंका यांची आपल्याकडची जोडी जुनी आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आढळला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. अवघ्या चार कलमांच्या त्या कायद्याने सरकारला कोणाचीही तपासणी करण्याचे, कोणालाही वेगळे ठेवण्याचे अधिकार दिले. आणि चांगल्या हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला भरता येणार नाही, असेही सांगून टाकले. रुग्णाला काय मिळावे, त्याच्या घरच्यांना काय सांगावे, त्याचा मृत्यू झाला तर त्याच्या धर्माचा मान कसा राखावा, याबद्दल त्यात एक शब्द नव्हता. एकशेतेवीस वर्षांनंतर २०२० साली याच कायद्याचा आधार घेऊन आपल्याला घरात बसवले गेले. मधल्या काळात राज्य इंग्रजांचे राहिले नव्हते, पण कायद्याचा सूर तोच होता.

त्या वेळी पुण्यात काय घडले हे मराठी वाचकाला सांगायला नको. रँडच्या पथकांची घरझडती, २२ जून १८९७ ची रात्र, चापेकर बंधू, टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला, हे सारे शाळेच्या पुस्तकात आहे. मुंबईच्या मदनपुऱ्यात जे घडले ते मात्र शाळेच्या पुस्तकात नाही. ९ मार्च १८९८ रोजी एका जुलाहा कुटुंबातल्या आजारी मुलीला नेण्यासाठी तपासणीचे पथक आले. घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी त्यांना अडवले. बघता बघता दंगल पेटली आणि गोळीबार झाला. हे जुलाहे म्हणजे उत्तरेतून पोटासाठी आलेले विणकर, ज्यांना आपण आज मोमीन अन्सारी म्हणतो. त्यांची भीती अगदी साधी होती. इस्पितळात गेलेले माणूस परत येत नाही, परपुरुष डॉक्टर बायकांच्या अंगाला हात लावतात, मय्यतीला गुसल मिळत नाही. यातली प्रत्येक गोष्ट कोठे ना कोठे घडलेली होती. त्यामुळे त्या भीतीला नुसते अडाणीपण म्हणणे अन्यायाचे होईल.

पण त्याच मुंबईत त्याच वर्षांत आणखी एक गोष्ट घडली. वॉल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने १० जानेवारी १८९७ रोजी आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे इस्माईली खोजा जमातीचे तरुण इमाम आगाखान यांनी आपली एक वास्तू त्याच्या प्रयोगशाळेसाठी दिली आणि लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली. त्यांचे वय तेव्हा अवघे एकोणीस-वीस वर्षांचे होते. त्यांनी अनुयायांना नुसता हुकूम दिला असता तरी बऱ्याच जणांनी तो पाळला असता. तरीही त्यांना आधी स्वतःचा दंड पुढे करावासा वाटला. विश्वास हुकमाने मिळत नाही, तो आधी आपण काही पणाला लावल्यावर मिळतो, ही समज त्या कृतीत आहे. रँडला ती नव्हती, आणि १८९७ च्या कायद्यालाही नव्हती.

*

आता २०२० कडे येऊ. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, संध्याकाळी थाळ्या वाजल्या. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि चार तासांत देश बंद झाला. मार्चच्या अखेरीस दिल्लीच्या निजामुद्दीन भागातील तबलीगी जमातच्या मरकजमधून शेकडो माणसे बाहेर काढली गेली, त्यांतले अनेक बाधित निघाले, आणि त्या दिवसापासून साथीला एक चेहरा मिळाला. तो दाढीटोपीचा होता.

येथे प्रथम आमच्या पदरातले सांगणे भाग आहे. मार्चच्या मध्याला मरकजमध्ये मोठा जमाव जमवणे ही चूक होती. १३ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालय ही आरोग्य आणीबाणी नाही असे म्हणत होते, हे खरे. पण त्याच दिवशी दिल्ली सरकारने दोनशेहून अधिक लोक जमवण्यास मनाई केली होती, हेही खरे. शिवाय फेब्रुवारीच्या अखेरीस मलेशियात क्वालालंपूरजवळ जमातचाच एक मोठा इज्तेमा झाला होता आणि त्यातून तेथे साथ पसरल्याच्या बातम्या मार्चच्या मध्यापर्यंत येऊ लागल्या होत्या. ज्या संघटनेची माणसे देशोदेशी फिरतात तिला हे कळायला हवे होते. अल्लाहवर भरवसा ठेवण्याचा अर्थ डोळे मिटणे असा होत नाही. ही चूक आम्ही मान्य करतो, आणि ती मान्य केल्यावरच पुढचे बोलण्याचा अधिकार आम्हाला मिळतो.

पुढचे असे. चूक आणि कट यांत फरक असतो, आणि वाहिन्यांनी तो पुसून टाकला. 'कोरोना जिहाद' हा शब्द तयार झाला. फेब्रुवारीत मध्य प्रदेशातल्या एका गावात टिपलेले, म्हातारा फळविक्रेता बोटाला थुंकी लावत असल्याचे दृश्य एप्रिलमध्ये ताजे म्हणून फिरवले गेले, आणि ठिकठिकाणी गाडीवाल्यांची नावे विचारली जाऊ लागली. यातला काही भाग अफवेखोरांचा होता, त्याला सरकार जबाबदार नव्हते. पण एक गोष्ट सरकारी मंचावरून झाली. एप्रिलमध्ये आरोग्य मंत्रालयाच्या पत्रकार परिषदांत तबलीगशी संबंधित रुग्णांचा आकडा वेगळा सांगितला जाई. ५ एप्रिलला सांगितले गेले की रुग्ण ४.१ दिवसांत दुप्पट होत आहेत, तबलीगचा प्रसंग झाला नसता तर याला ७.४ दिवस लागले असते. १८ एप्रिलला सांगितले गेले की १४,३७८ रुग्णांपैकी ४,२९१, म्हणजे २९.८ टक्के, या एकाच ठिकाणाशी जोडलेले आहेत.

हे आकडे खोटे होते असे आम्ही म्हणत नाही. पण खरा आकडाही माणसाला फसवू शकतो, आणि तो कसा फसवतो हे समजून घेण्यासारखे आहे. त्या दिवसांत चाचण्या फार थोड्या होत होत्या. परदेशातून आलेला, बाधिताच्या संपर्कातला किंवा श्वसनाच्या गंभीर आजाराने इस्पितळात दाखल झालेला, अशा मोजक्यांचीच चाचणी होई. त्याच वेळी मरकजला गेलेला प्रत्येक जण, त्याच्या घरचे, त्याच्या मशिदीतले, यांना शोधशोधून तपासले जात होते. संपर्क शोधणे योग्यच होते. परंतु अंधाऱ्या गावात एकाच आळीत कंदील घेऊन फिरावे आणि मग गावातले तीस टक्के विंचू याच आळीत आहेत असे सांगावे, तसा तो हिशेब झाला. बाकीच्या आळ्यांत कोणी पाहिलेच नव्हते. हे एवढे एक वाक्य आकड्याच्या शेजारी रोज सांगितले असते तर आकडा ज्ञान देणारा झाला असता. ते सांगितले गेले नाही, म्हणून तो आरोप झाला. धर्माच्या नावाने रुग्णांची विभागणी करू नये, असे ६ एप्रिलला जागतिक आरोग्य संघटनेच्या अधिकाऱ्यालाही एका प्रश्नाच्या उत्तरात सांगावे लागले.

पुढे न्यायालयांनी काय म्हटले, तेही नोंदवायला हवे. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात नोंदवलेले गुन्हे रद्द केले. आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया, बेनिन, जिबुती, इंडोनेशिया अशा देशांचे एकोणतीस नागरिक त्यांत आरोपी होते. संकटाच्या काळात सरकार बळीचा बकरा शोधू पाहते आणि या परदेशी लोकांना त्यासाठी निवडले गेले असण्याची शक्यता आहे, असे न्यायमूर्ती नलावडे यांनी लिहिले आणि माध्यमांच्या प्रचारावरही बोट ठेवले. न्यायमूर्ती सेवलीकर निकालाशी सहमत होते, पण त्यातली काही निरीक्षणे त्यांनी आपली मानली नाहीत. हेही सांगितले पाहिजे, कारण आपल्याला सोयीचे तेवढेच उचलणे हाच तर वाहिन्यांवरचा आमचा आक्षेप आहे. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या एका न्यायालयाने छत्तीस परदेशी नागरिकांना निर्दोष सोडले. तबलीगींना आसरा देणाऱ्या सत्तर भारतीयांवरचे खटले मात्र दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केले ते जुलै २०२५ मध्ये. आरोप काही तासांत देशभर पोहोचला होता, निर्दोषत्व पोहोचायला पाच वर्षे लागली. ज्या वाहिन्यांनी आरोप रात्रंदिवस वाजवला त्यांच्यावर, तितक्याच मोठ्या आवाजात निकाल सांगण्याचे कर्ज नैतिकदृष्ट्या होते. ते त्यांनी फेडले नाही.

*

काय मोजायचे हे ठरवणारा काय मोजायचे नाही हेही ठरवत असतो. टाळेबंदीनंतर लाखो मजूर पायी गावाकडे निघाले. ३१ मार्च २०२० रोजी सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की टाळेबंदी तीन महिने चालणार या खोट्या बातमीने ही पळापळ झाली, आणि न्यायालयाने माध्यमांना घडामोडींची अधिकृत माहिती छापण्यास बजावले. मजूर कशामुळे निघाले हे विचारायला त्यांच्याकडे कोणी गेले असते तर त्यांनी हातातले पैसे, खोलीचे भाडे आणि बंद पडलेले काम एवढेच दाखवले असते. ८ मे रोजी पहाटे औरंगाबादजवळ करमाड परिसरात रुळांवर झोपी गेलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याहून ते भुसावळकडे निघाले होते. कोणत्या बातमीने त्यांना त्या रुळांवर आणले होते? त्याच वर्षी १४ सप्टेंबरला संसदेत उत्तर आले की स्थलांतरित मजुरांच्या मृत्यूंची आकडेवारी ठेवलेली नाही. तबलीगी रुग्णांचा टक्का दशांश चिन्हापर्यंत सांगणारे तेच शासन होते.

दुसऱ्या लाटेत हेच झाले. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण दगावले, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. त्याच वर्षी २० जुलैला राज्यसभेत केंद्राने सांगितले की प्राणवायूअभावी मृत्यू झाल्याचे राज्यांनी स्वतंत्रपणे कळवलेले नाही. तांत्रिकदृष्ट्या उत्तर खरे असेलही. रांगेत उभ्या राहिलेल्यांना ते ऐकून काय वाटले असेल? २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतात दोन वर्षांत सुमारे ४७ लाख जादा मृत्यू झाल्याचा अंदाज दिला, तो सरकारने पद्धतीवर आक्षेप घेऊन नाकारला. मे २०२५ मध्ये मात्र सरकारचीच जन्ममृत्यू नोंदणीची आकडेवारी बाहेर आली. २०१९ मध्ये देशात सुमारे ७६ लाख मृत्यूंची नोंद झाली होती, २०२० मध्ये ८१ लाखांची, आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाखांची. एका वर्षात जवळजवळ २१ लाखांची वाढ झाली. त्या वर्षातले कोरोनाचे अधिकृत मृत्यू सव्वातीन-साडेतीन लाखांच्या आसपास होते.

येथेही आम्हाला स्वतःला आवरावे लागते. ही सगळी वाढ कोरोनाचीच, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. नोंदणी दरवर्षी सुधारत असते, इतर आजारांचे रुग्ण उपचारांअभावी गेले असतील, आदल्या वर्षीच्या राहिलेल्या नोंदी पुढे ढकलल्या गेल्या असतील. पण हे सर्व वजा केल्यावरही उरणारा फरक कशाचा, हा प्रश्न विचारणे देशद्रोह नाही. ज्याच्या घरातले माणूस गेले त्याला ते कशाने गेले हे कळण्याचा हक्क आहे, आणि ती माणसे सर्व धर्मांची होती.

*

येथपर्यंत शंकेने आम्हाला साथ दिली. आता तिने आमचे काय केले ते पाहू.

१ एप्रिल २०२० रोजी इंदूरच्या टाटपट्टी बाखल या मुस्लिम वस्तीत तपासणीला गेलेल्या आरोग्य पथकावर दगडफेक झाली. त्यात दोन महिला डॉक्टर होत्या. निरोगी मुसलमानांना पकडून नेऊन बाधित करतात, अशा अफवा तेव्हा मोबाइलवर फिरत होत्या. नंतर तेथील लोकांनी जाहीर माफी मागितली, ही चांगली गोष्ट झाली. परंतु त्या दिवशी दगड उचलणाऱ्या हाताला आपण शंका घेत आहोत असेच वाटत होते. २०२० च्या अखेरीस लशीत डुकराच्या चरबीचा अंश असल्याची चर्चा उठली. आपल्याकडे ज्या दोन लशी मुख्यतः दिल्या गेल्या त्यांत तसे काही नव्हते. संयुक्त अरब अमिरातीच्या फतवा परिषदेने तर असा अंश असला तरी जीव वाचवण्यासाठी लस चालेल, असे त्याच डिसेंबरात जाहीर केले होते. तरीही आमच्या कित्येक मोहल्ल्यांत लोक लशीपासून दूर राहिले. लस घेतली तर मूल होणार नाही, दोन वर्षांत मरण येईल, असे ध्वनिसंदेश आमच्यापैकी अनेकांनी पुढे पाठवले. 'खरे खोटे अल्लाह जाणे, पण सावध असावे' एवढी पुरवणी जोडली की आपली जबाबदारी संपते, असे आम्हाला वाटे. विचार केला तर वाहिन्यांचा निवेदकही दुसरे काय करत होता? तोही प्रश्नचिन्ह लावूनच आरोप करत होता.

आम्ही वाहिन्यांना दोष देतो की त्यांनी एका माणसाची चूक साऱ्या कौमच्या माथी मारली. आम्ही तरी काय केले? एका खोट्या वाहिनीवरून सगळी बातमी खोटी, एका चुकीच्या परिपत्रकावरून सगळे डॉक्टर दुष्ट, असा हिशेब केला. एप्रिल २०२१ मध्ये हरिद्वारला कुंभमेळ्यात लाखो लोक जमले तेव्हा वाहिन्या आता का गप्प, असे आम्ही विचारले. प्रश्न रास्त होता. पण तो विचारताना आमच्या मनात किंचित आनंद नव्हता काय? आमची मागणी कोणत्याच यात्रेकरूला धर्मावरून मोजू नये अशी असेल, तर त्यांनाही मोजा असे म्हणणे त्या मागणीच्या विरोधात जाते. गर्दी धोक्याची होती, मरकजमध्येही आणि घाटावरही. एवढेच म्हणायला हवे होते.

*

मग प्रामाणिक शंकेची ओळख काय? आम्हाला तीन खुणा दिसतात.

पहिली खूण अशी की प्रामाणिक शंकेला उत्तर हवे असते. कशाने समाधान होईल हे ती आधी सांगते. डॉ. जेकब पुलियेल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तेव्हा त्यांनी लशीच्या चाचण्यांची माहिती उघड करा आणि सक्ती करू नका, अशा नेमक्या मागण्या केल्या. कोव्हॅक्सिनला जानेवारी २०२१ मध्ये तिसऱ्या टप्प्याची परिणामकारकता हाती येण्याआधीच परवानगी मिळाली होती, तेव्हा ही विचारणा अवाजवी नव्हती. २ मे २०२२ च्या निकालात न्यायालयाने कोणालाही लशीची सक्ती करता येणार नाही असे सांगितले आणि दुष्परिणामांची माहिती लोकांना मिळाली पाहिजे असेही सांगितले. त्याच वेळी सरकारचे लसधोरण मनमानी असल्याचे मात्र मानले नाही. शंका घेणाऱ्याला सगळे मिळाले नाही, पण सर्वांना काही मिळाले. अफवेला असे उत्तर कधीच देता येत नाही, कारण ती काही मागतच नाही.

दुसरी खूण अशी की तिचे माप सर्वांना एकच असते. वांद्र्याच्या कब्रस्तानात कोरोनाच्या मय्यती दफन करू नयेत म्हणून शेजारच्या काही रहिवाशांनी न्यायालयात धाव घेतली, तेव्हा आम्ही शास्त्राचा आधार मागितला. २२ मे २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती याचिका फेटाळली. दफनातून साथ पसरते याला शास्त्रीय आधार नाही आणि सन्मानाने अंत्यविधी होणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे त्या निकालाचे सार. श्रीलंकेत २०२० मध्ये सर्वांच्या दहनाची सक्ती झाली. वीस दिवसांच्या एका मुस्लिम बाळालाही आईबापांच्या इच्छेविरुद्ध जाळले गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सक्ती उठली आणि जुलै २०२४ मध्ये तेथल्या सरकारने माफी मागितली. ज्या शास्त्राने या दोन्ही ठिकाणी आमची बाजू उचलून धरली, तेच शास्त्र लस घ्या म्हणत होते. दफनाच्या वेळी ते खरे आणि सुईच्या वेळी खोटे, असे कसे होईल? आणि शास्त्रही आपले माप स्वतःला लावते. २०२० च्या एप्रिलमध्ये बऱ्या झालेल्या तबलीगींनी प्लाझ्मा दिला तेव्हा त्यांचे कौतुक झाले. पुढे चाचण्यांत या उपचाराचा फायदा दिसला नाही आणि मे २०२१ मध्ये तो उपचारांच्या यादीतून काढला गेला. देणाऱ्यांची नियत खरी होती, उपचार निकामी होता. शास्त्राने आपली चूक मान्य केली. ही सवय आम्हालाही लागायला हवी.

तिसरी खूण आमच्या परंपरेत आहे. इसवी सन ६३९ च्या सुमारास खलिफा हजरत उमर शामकडे निघाले असता वाटेत सर्ग येथे त्यांना तेथे प्लेग असल्याचे कळले. त्यांनी एकट्याने निर्णय केला नाही. आधी मुहाजिरांना, मग अन्सारांना, मग कुरैशच्या बुजुर्गांना विचारले. मते वेगवेगळी पडली. शेवटी परतायचे ठरले तेव्हा सेनापती अबू उबैदा यांनी भर सभेत विचारले की आपण अल्लाहच्या तकदीरीपासून पळता काय? उमर यांनी त्यांना गद्दार म्हटले नाही. अल्लाहच्या एका तकदीरीकडून आपण त्याच्याच दुसऱ्या तकदीरीकडे जात आहोत, असे त्यांनी समजावले. हिरव्या आणि ओसाड उतारावर उंट चारणाऱ्याचा दाखला दिला. मग अब्दुर्रहमान बिन औफ यांनी साथीच्या मुलुखात जाऊ नये आणि तेथून पळूही नये, ही पैगंबरांची शिकवण सांगितली. हा प्रसंग कोरोनाच्या काळात नियम पाळण्यासाठी वारंवार सांगितला गेला, आणि ते योग्यच होते. पण त्यातला दुसरा धडा क्वचितच सांगितला गेला. राज्यकर्त्याने कारण सांगायचे असते आणि शंका घेणाऱ्याने ती तोंडासमोर घ्यायची असते. शिवाय शंकेची किंमत ज्याची त्याने मोजायची असते. अबू उबैदा आपल्या माणसांना सोडून आले नाहीत, आणि त्याच अमवासच्या प्लेगमध्ये त्यांचे निधन झाले. आमच्या मोहल्ल्यातल्या शंकेची किंमत मात्र अनेकदा दुसऱ्यानेच मोजली. दगड खाणाऱ्या डॉक्टरबाईंनी, लस न मिळालेल्या म्हाताऱ्या आईने, मालवणीच्या त्या मय्यतीने.

*

मालवणीच्या विश्वस्तांना शिव्या देणे सोपे आहे. तीही साधी माणसे होती. परिपत्रकाने सांगितले होते की ही मय्यत धोक्याची आहे, वाहिन्यांनी सांगितले होते की मुसलमान धोक्याचा आहे. दोन्हींवर आम्ही तोंडाने अविश्वास दाखवला आणि मनातून विश्वास ठेवला. डॉक्टरला विचारले असते, मंत्रालयाची पंधरा मार्चची सूचना कोणी वाचून दाखवली असती, तर फाटक उघडले असते. त्याच शहरात पुढे बडा कब्रस्तानाशी जोडलेल्या मूठभर स्वयंसेवकांनी हेच केले. नियम समजून घेतले, संरक्षक पोशाख चढवले आणि ज्यांना खांदा द्यायला कोणी नव्हते अशा मय्यती उचलल्या. मुसलमानांचे दफन केले, हिंदूंचे दहन केले. त्यांनाही भीती वाटली असणारच. पण त्यांनी ती विचारून घेतली.

आमच्या प्रत्येक कब्रस्तानात एक वही असते. तीत तारीख, नाव, वय आणि कोठून आले ते लिहिलेले असते. २०२० आणि २०२१ च्या त्या वह्या आजही विश्वस्तांच्या कपाटात आहेत. सरकारने मृत्यू मोजले नाहीत अशी आमची तक्रार आहे, तर आम्ही निदान त्या वह्या काढून मोजाव्यात, आधीच्या वर्षांशी ताडून पाहाव्यात आणि जे दिसेल ते आमच्या बाजूचे असो वा नसो, छापावे. आणि त्या वहीत ज्याचे नाव असायला हवे होते पण नाही, त्या मालवणीच्या गृहस्थांसाठी एक ओळ आपल्या हाताने लिहावी.